रात्री फ्रिज का ओरडायचा? एका कॅम्पर व्हॅनच्या १२ व्होल्ट वायरिंगचा प्रकरण अभ्यास

गाडी माझ्या गॅरेजला लागली तेव्हा तिच्यातली तिसरी बॅटरी चार महिन्यांची होती. आधीच्या दोन बॅटऱ्यांनी मिळून जेमतेम चौदा महिने काढले होते. "मिस्त्री, चौथी घ्यायला लावू नका. खरं काय ते शोधा," हे काकांचं पहिलं वाक्य.

काका-काकू सांगलीचे, दोघंही निवृत्त शिक्षक. मोठ्या प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर त्यांनी घर करून घेतलं होतं. आत पलंग, छोटा ओटा, संडास-बाथरूम, पाण्याचा पंप, दोन पंखे, एलईडी दिवे आणि ४५ लिटरचा कंप्रेसरवाला फ्रिज. छतावर ३०० वॅटचं सोलर पॅनेल आणि पलंगाखाली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण मोजायचं एकक) एजीएम बॅटरी, लेड-अॅसिडचाच बंद प्रकार. कुंभार्ली घाट उतरून ती दोघं चिपळूणला आली होती. पुढे गुहागर आणि वेळणेश्वरला चार-पाच दिवस समुद्राकाठी मुक्काम करायचा बेत होता.

तक्रार अशी, की मुक्कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो, त्यावरचा लाल दिवा थांबून थांबून एकेकदा लुकलुकतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत फ्रिज चालू होत नाही. काकूंना मधुमेह आहे. न उघडलेल्या इन्सुलिनच्या पेनांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं आणि मे महिन्यात बंद फ्रिजमध्ये ते तापमान सकाळपर्यंत टिकत नाही. त्यामुळे दर मुक्कामाला काका बर्फाचा डबा शोधत फिरायचे. ही गोष्ट कळल्यावर मी हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली.

आणखी दोन गोष्टी त्यांनी सहज बोलता बोलता सांगितल्या. रोज गाडी चालत असेल तर काही होत नाही, एका जागी उभी राहिली की दुखणं सुरू होतं, असं काका म्हणाले. आणि काकू म्हणाल्या, "हे रात्री उठले की फ्रिज ओरडतो." त्या क्षणी मी दोन्हींकडे लक्ष दिलं नाही. अख्खं प्रकरण त्या दोन वाक्यांत होतं.

पहिला दिवस वाया गेला, तो असा

बॅटरी रात्रीतून उतरते म्हटल्यावर माझ्या मनात आधी चोरटी गळती आली. सगळं बंद असताना कुठेतरी करंट जात असणार, असं वाटलं. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मधे मीटर लावला. ०.०४ अँपिअर. म्हणजे चोवीस तासांत एक एएच. दीडशेच्या बॅटरीला हे काहीच नाही.

मग व्होल्टेज. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६२, फ्रिजच्या मागच्या पिनांवर १२.५८. फ्रिजच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत कंटिन्यूटी (वाट जोडलेली असली की बीप देणारी चाचणी) लावली तर मीटर टुणकन वाजला. फ्यूज सगळे शाबूत. कागदावर गाडी निरोगी होती. ज्यांनी आधी बॅटऱ्या बदलल्या त्यांनीही बहुतेक एवढंच मोजलं असेल. वायरिंग ठीक, मग दोष बॅटरीचा, हा निष्कर्ष तिथून सहज निघतो.

या दोन्ही मोजण्या इथे का फसवतात, ते नीट सांगायला हवं. डिजिटल मल्टिमीटर व्होल्टेज बघताना स्वतः जवळजवळ करंट खातच नाही. त्याचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओम असतो. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला, जोड पूर्ण सडलेला असला, तरी न वाहणाऱ्या करंटला अडथळा कसला? मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवणार. नळ बंद असताना गाळाने तुंबलेल्या पाइपातही दाब पूर्णच असतो, तोटी उघडली की करंगळीएवढी धार येते, तसंच हे. कंटिन्यूटीचं तर विचारूच नका. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओम भरतो. या गाडीतला दोष पुढे निघाला तो ०.०४७ ओमचा. बीप वाजवणाऱ्या मीटरला तो दिसणं शक्यच नव्हतं.

भार टाकून मोजलं तेव्हा

संध्याकाळी पुन्हा बसलो. या वेळी काकूंना म्हटलं, घरात रात्री जे जे चालतं ते सगळं चालू करा आणि बेसिनचा नळ सोडून ठेवा. फ्रिज ४.६ अँपिअर, पंप ६ च्या आसपास, पंखा आणि दिवे मिळून अडीच. क्लॅम्प मीटरवर एकूण १३ अँपिअर आले.

बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३१. फ्रिजच्या पिनांवर १०.९०.

वाटेत १.४१ व्होल्ट गायब. मी जोडणी पुन्हा तपासली, पुन्हा मोजलं, आकडा तोच. १२ व्होल्टच्या कामात बॅटरीपासून उपकरणापर्यंत जाऊन-येऊन तीन टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टपर्यंतची घट चालवून घेतात. इथे चौपट होती. घरातल्या २३० व्होल्टमध्ये दीड व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही, पण १२ मधून दीड गेला म्हणजे रुपयातले बारा पैसे वाटेतच संपले.

आता ही घट नेमकी कुठे होते ते शोधायचं. त्यासाठी माझ्याकडे सहा मीटरची एक बारीक वायर आहे, एका टोकाला मगर क्लिप. ती बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावायची, दुसरं टोक मीटरच्या काळ्या पिनेला आणि लाल पीन घेऊन गाडीभर फिरायचं. वायर बारीक असली तरी चालते, कारण तिच्यातून करंट जातच नाही. भार मात्र पूर्ण वेळ चालू पाहिजे. मीटर जो आकडा दाखवेल ती त्या जागेपर्यंतची घट. पॉझिटिव्ह बाजू मोजताना क्लिप पॉझिटिव्ह टर्मिनलला लावायची.

पॉझिटिव्ह बाजूला ०.४६ निघाली. निगेटिव्ह बाजूला ०.९५. दुप्पट. लाल वायर सगळे बघतात, काळीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती 'बॉडीला तर लावलीय' असं समजून सोडून दिलेली असते.

निगेटिव्हचा रस्ता या गाडीत असा होता: फ्रिजपासून ओट्याखालच्या बसबारपर्यंत (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी) एक वायर, बसबारपासून सीटखालच्या बोल्टपर्यंत दुसरी, बोल्टमधून करंट चासीच्या पत्र्यात, पत्र्यातून मागच्या दुसऱ्या बोल्टला आणि तिथून बॅटरीला. एकेक टप्पा मोजत गेलो. फ्रिज ते बसबार ०.१२. बसबार ते बोल्टवरचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, ०.०५. थिंबल ते त्याच बोल्टशेजारचा खरवडलेला उघडा पत्रा, अंतर बोटभर, आणि मीटरवर ०.६१. पुढे अख्ख्या चासीत फक्त ०.०२. मागचा बोल्ट ते बॅटरी ०.१५.

बोटभर अंतरात ०.६१ व्होल्ट. तेरा अँपिअरने भागलं तर ०.०४७ ओम, आणि गुणलं तर जवळजवळ ८ वॅट. तेवढी उष्णता त्या बोल्टमध्ये तयार होत होती. बोट लावून पाहिलं, बोल्ट कोमट होता.

तो बोल्ट

सीटखालचा प्लाय काढून टॉर्च मारला. एका ८ मिलिमीटर बोल्टवर चार थिंबल एकावर एक चढवलेली. खाली पत्र्यावरचा रंग तसाच, खरवडलेला नाही. म्हणजे थिंबलचा पत्र्याशी थेट संबंधच नाही. करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून, तेवढाच. वर्षभर समुद्राकाठी राहून आट्यांवर गंज चढला होता. वॉशर साधा, चपटा. सगळ्यात खालचं थिंबल पकडीने दाबून बसवलेलं, ओढलं तर वायर हातात आली. तिच्या तारा हिरव्या पडल्या होत्या.

तो हिरवा रंग चिपळूणच्या कुठल्याही वायरमनला लांबून ओळखू येतो. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर कित्येक महिने आम्ही बुडालेल्या गाड्यांच्या वायरिंगचीच कामं केली. तेव्हा कळलं की जोड उघडा राहिला तर ओल वायरीच्या आवरणाच्या आत, तारांच्या फटीफटीतून वर चढत जाते. टोक कापून नवीन थिंबल मारलं तरी आत वीतभर तांबं काळंहिरवं निघतं. म्हणून मी तांबं लाल दिसेपर्यंत मागे कापत जातो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तोच हा कळक. आणि उपायही आजीच्या काळातलाच, कल्हई. बोटींसाठी जी वायर मिळते तिच्या प्रत्येक तारेवर कथलाचा थर असतो, म्हणजे कल्हईच की. किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीत मी तीच वापरतो. महाग पडते, पण पुन्हा उघडावं लागत नाही.

फ्रिजची वायर सोलल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. वायर तिच्या आवरणावर छापल्याप्रमाणे २.५ चौरस मिलिमीटर होती, बाहेरून तांबूस. चाकूने एक तार खरवडली तर आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अल्युमिनियम. कल्हई केलेल्या तांब्याच्या नेमकं उलट: ते बाहेरून पांढरं, आतून लाल. अल्युमिनियमवाली वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा साधारण दीडपट अडथळा करते आणि हलत्या गाडीत तिचं थिंबल हळूहळू सैल होतं. पॉझिटिव्ह बाजूच्या ०.४६ पैकी ०.२४ या एका वायरीत जात होते. बाकीचे ०.२२ बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरमध्ये आणि तिथून फ्यूज बॉक्सला जाणाऱ्या जोडात.

काकू काय सांगत होत्या

आता रात्रीचं गणित. या फ्रिजच्या पुस्तिकेत लिहिलंय की पिनांवर १०.४ व्होल्ट झाले की कंप्रेसर बंद, आणि परत ११.७ झाल्याशिवाय चालू नाही. लाल दिवा एकदा लुकलुकणं म्हणजे कमी व्होल्टेज, फ्रिजचा स्वतःचा बिघाड नव्हे. फ्रिज बॅटरीला वाचवण्यासाठी हे करतो. पण त्याला बॅटरी कुठे दिसते? त्याला त्याच्या पिनांवरचं व्होल्टेज दिसतं.

मध्यरात्री फक्त फ्रिज आणि पंखा चालू, सात अँपिअरच्या आसपास. बॅटरी ११.९ वर, वाटेत ०.९३ जाऊन फ्रिजला ११ च्या जवळ मिळतात. चालू राहतो. दोन-अडीचला काका बाथरूमला उठतात. नळ सोडला की पंप सुरू होतो, आणखी सहा अँपिअर त्याच बोल्टमधून. वाटेतली घट १.४१ होते, बॅटरीही ११.८ वर दबते, आणि फ्रिजच्या पिनांवर येतात १०.३९. फ्रिज ओरडतो आणि बंद. पंप थांबल्यावर व्होल्टेज वर येतं, पण पंखा चालू असतो, बॅटरी अर्धीमुर्धी असते आणि ११.७ काही गाठत नाही. म्हणून सकाळच्या उन्हापर्यंत फ्रिज बंदच.

मी काकूंना हे कागदावर आकडे मांडून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी गेल्या दिवाळीपासून हेच सांगतेय, पण सगळे म्हणायचे पंपाचा आणि फ्रिजचा काय संबंध." संबंध एका बोल्टचा होता. ज्या माणसाने रोज रात्री ते ऐकलंय त्याचं बोलणं मी पहिल्याच दिवशी लिहून घ्यायला हवं होतं. तेव्हापासून घेतो.

मग बॅटऱ्या का मेल्या?

इथपर्यंत फ्रिजचा उलगडा झाला, पण बॅटऱ्यांचा नाही. वायरिंगमध्ये घट आहे म्हणून बॅटरी वर्षभरात मरत नाही. काकांच्या वाक्याकडे परत गेलो: गाडी चालत असली की ठीक, उभी राहिली की त्रास.

चालत्या गाडीत अल्टरनेटरचा करंट रिलेतून थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला येतो आणि चासीतून मागच्या बोल्टने परत जातो. सीटखालचा बोल्ट त्या वाटेवर नाहीच. इंजिन चालू करून बॅटरीवर मोजलं, १४.१ आले. उभ्या गाडीत मात्र चार्जिंग फक्त सोलरचं, आणि सोलरचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलकडून होणारं चार्जिंग सांभाळणारा डबा, जोडलेला होता ओट्याखाली: पॉझिटिव्ह फ्यूज बॉक्सला, निगेटिव्ह बसबारला. म्हणजे सोलरचा करंटसुद्धा त्याच बोल्टमधून बॅटरीत जात होता, फक्त उलट दिशेने.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन कडक होतं. कंट्रोलर १५ अँपिअर देत होता, त्यातले पाचएक फ्रिज घेत होता, उरलेले दहा बॅटरीकडे. कंट्रोलरच्या स्क्रूंवर १४.४, बॅटरीवर १३.६. आठ दशांश व्होल्ट वाटेत. कंट्रोलरला वाटतं बॅटरी १४.४ ला पोचली. तो करंट आवरता घेतो आणि ठरलेल्या वेळेनंतर, याच्यात दोन तास होते, फ्लोटला, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती राखायच्या १३.६ वर उतरतो. बॅटरीने १४.४ चा दाब नीट अनुभवलेलाच नसतो. करंट कमी होईल तशी घटही कमी होते हे खरं, वेळ मिळाला असता तर बॅटरी भरलीही असती, पण वेळ संपतो आणि मग ऊनही. रोज थोडी अपुरी. लेड-अॅसिड बॅटरी, एजीएम असली तरी, अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. उतरताना तो बोल्ट फ्रिजचं व्होल्टेज खात होता, भरताना बॅटरीचं. पहिल्या दोन बॅटऱ्या सदोष होत्या असं मला आता मुळीच वाटत नाही.

काम

आधी काकांच्या हातातली अंगठी आणि माझं घड्याळ काढून ठेवलं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण एवढ्या बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये पाना किंवा अंगठी अडकली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि धातू लाल होतो. निगेटिव्ह आधी सोडवलं, शेवटी लावलं.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून बसबारपर्यंत कल्हईची १६ चौरस मिलिमीटर वायर थेट टाकली, लांबी तीन मीटर. घरातल्या कुठल्याही उपकरणाचा करंट आता चासीतून जात नाही. चासीला एकच जोड ठेवला, तोही रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावून. जेली आधी नाही, नंतर. आधी धातूला धातू भिडला पाहिजे. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात नव्या होल्डरमध्ये बसवला. फ्रिजला ६ चौरस मिलिमीटर तांबं. सोलर कंट्रोलरच्या दोन्ही वायरी स्वतंत्र फ्यूजसह थेट बॅटरीवर. सगळी थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने, प्रत्येक ओढून पाहून, वर गोंदवाली हीटश्रिंक नळी. सोल्डर मी लावत नाही. गाडीच्या हादऱ्याने सोल्डर जिथे संपतं नेमकी तिथेच वायर तुटते.

तेच १३ अँपिअर चालू करून पुन्हा मोजलं. बॅटरी १२.३३, फ्रिज १२.१२. एकूण घट ०.२१.

बॅटरी टाकायची की ठेवायची, हे अंदाजाने ठरवणं मला पटलं नाही. विजेवरच्या चार्जरने पूर्ण दिवसभर भरली, रात्रभर तशीच ठेवली, मग मोटरसायकलचा ३५ वॅटचा आणि कारचा ५५ वॅटचा असे दोन बल्ब जोडले. मिळून साडेसात अँपिअर, म्हणजे १५० एएचच्या बॅटरीला वीस तासांचा भार. १०.८ व्होल्टला यायला तिला सोळा तास लागले. १२० एएच, ऐंशी टक्के. चार महिन्यांत वीस टक्के गेले होते, पण बॅटरी कामाची होती. लगेच परत पूर्ण भरली. चौथी घ्यावी लागली नाही. या सगळ्यात काका-काकूंना चिपळूणला चार दिवस राहावं लागलं. इन्सुलिन तेवढे दिवस आमच्या घरच्या फ्रिजमध्ये होतं.

निघताना काकूंना एक वही आणि साधा मीटर दिला आणि सांगितलं, मुक्कामाला रोज रात्री झोपताना नळ सोडून बॅटरीवर आणि फ्रिजवर मोजा, दोन्ही आकडे लिहा. वेळणेश्वरच्या चौथ्या रात्रीचा त्यांचा आकडा होता बॅटरी १२.१८, फ्रिज ११.९६. पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा आली तेव्हा वहीत सत्तावीस रात्री लिहिलेल्या होत्या आणि एकाही दिवशी दोन आकड्यांमधलं अंतर पाव व्होल्टच्या वर गेलेलं नव्हतं. शेवटच्या पानावर पंपाबद्दल एक नवी नोंद होती: नळ बंद असतानाही रात्री मधूनच दोन सेकंद सुरू होतो. बेसिनखाली वाकून पाहिलं, नळीचा क्लिप सैल होऊन थेंब थेंब पाणी गळत होतं.